फाइल दिसते, पण उघडत नाही

‘स्टोरेज भरलं आहे’ हा निरोप हल्ली निवृत्त शिक्षकांच्या फोनवरही येतो आणि प्रवेशाची कागदपत्रं गोळा करणाऱ्या मुलीच्या फोनवरही. सुरुवातीला नवे फोटो चढेनासे होतात. मग व्हॉट्सॲपचा बॅकअप थांबतो. आणि एक दिवस विम्याची पावती मेलवर का आली नाही म्हणून फोन लावावा, तर पलीकडून उत्तर येतं, ‘आम्ही पाठवली होती, तुमच्याकडूनच परत आली.’ गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. फोटोंनी ती भरली की मेलही अडतो, हे पुष्कळांना मेल अडल्यावरच कळतं.

जागेची तक्रार सगळ्यांत मोठ्याने होते, पण ती एकटी नसते. फाइल दिसते पण उघडत नाही. एकाच फाइलच्या दोन-तीन प्रती तयार होतात. लॅपटॉपवर केलेला बदल फोनवर पोहोचत नाही. लिंक पाठवली तर समोरचा म्हणतो, ‘अहो, परवानगी मागतंय.’ आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फाइल कुठेच सापडत नाही.

या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकींचं मूळ एक आहे. क्लाउडवर टाकलं म्हणजे जपून ठेवलं, असं आपण धरून चालतो. या सेवांचं रोजचं काम मात्र जपण्याचं नाही. तुमच्या सगळ्या उपकरणांवर एकसारखं चित्र ठेवणं, हे त्यांचं काम. हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या बऱ्याच गाठी आपोआप सैल होतात.

## क्लाउड म्हणजे नेमकं कुठे?

कुणा कंपनीच्या इमारतीत चोवीस तास चालू असलेले संगणक, आणि त्यांच्यापर्यंत जाणारी इंटरनेटची वाट, एवढंच. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन शहरांत अशी केंद्रं सुरू केली, त्यांतलं एक पुण्यात. पण तुम्ही कर्वेनगरात बसून टाकलेली फाइल पुण्यातच राहते असा याचा अर्थ नाही. ती कुठे ठेवायची, किती प्रती करायच्या, हे कंपनी ठरवते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की एकाच फाइलची एक प्रत त्या केंद्रात असते, एक लॅपटॉपवर असू शकते, एक फोनवर असू शकते. या सगळ्या प्रती सारख्या ठेवण्याच्या कामाला सिंक म्हणतात. एका ठिकाणी जे घडलं तेच बाकी सगळीकडे घडवायचं. तुम्ही फाइलमध्ये ओळ घातली, ती सगळीकडे गेली. तुम्ही फाइल पुसली, तर सगळीकडून पुसली गेली. व्हायरसने ती बिघडवली, तर बिघडलेली प्रत सगळीकडे गेली, तीही तितक्याच तत्परतेने. सिंकला चांगला बदल आणि वाईट बदल यांतला फरक कळत नाही.

बॅकअप म्हणजे याच्या उलट. एका दिवशीची प्रत बाजूला काढून ठेवायची आणि नंतर मूळ फाइलचं काहीही झालं तरी तिला हात लावायचा नाही. आपल्याला हवा असतो बॅकअप आणि आपण चालू करतो सिंक.

## फाइल दिसते, पण उघडत नाही

ही तक्रार बहुधा गाडीत किंवा विमानात बसल्यावर सुचते. डेक्कन क्वीनमध्ये लॅपटॉप उघडला, फोल्डरमध्ये प्रेझेंटेशन दिसतंय, नाव बरोबर, तारीख बरोबर. दोनदा टिचकी मारली तर काही नाही. खंडाळ्याच्या बोगद्यात नेटवर्क नाही आणि फाइल लॅपटॉपवर नाही.

स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच इथे झालेलं असतं. जागा धरलेली दिसते, पण माणूस अजून खालीच असतो. लॅपटॉपची डिस्क भरू नये म्हणून वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा फाइलचं फक्त नाव आणि चिन्ह तुमच्याकडे ठेवतात. खरी फाइल डेटा सेंटरमध्ये असते आणि तुम्ही उघडायला गेलात की इंटरनेटवरून उतरते. इंटरनेट नसेल तर रुमालच हाती येतो.

ओळखायचं कसं? वनड्राइव्हमध्ये फाइलशेजारी निळ्या ढगाची खूण असेल तर ती फक्त ऑनलाइन आहे. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक असेल तर ती आत्ता लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली तर संगणक तिला परत वर पाठवू शकतो. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे ती कायम इथेच राहणार. प्रवासाला निघण्याआधी फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडायचं आणि चिन्ह भरीव होईपर्यंत थांबायचं. गूगल ड्राइव्हमध्ये याच कामाला ‘अव्हेलेबल ऑफलाइन’ म्हणतात. फोनवर तर हे प्रत्येक फाइलसाठी आठवणीने करावं लागतं.

याच प्रकारात आणखी एक धक्का मोडतो. नवा लॅपटॉप चालू करताना आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो आणि त्या ओघात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डरं वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. मोफत ५ जीबी लवकरच भरतात, इशारे सुरू होतात, माणूस वैतागून वनड्राइव्ह बंद करतो, आणि डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो. घाबरू नका. फाइली बहुतेक वेळा वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या ‘डेस्कटॉप’ नावाच्या उपफोल्डरमध्ये पडलेल्या असतात. तिथून उचलून परत आणायच्या. वनड्राइव्ह अजून बंद केलं नसेल, तर आधी त्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या आणि मगच सेवा बंद करायची.

## पंधरा जीबी भरले तरी कशाने?

पूर्वी गूगल फोटो ठरावीक दर्जाचे फोटो मोजतच नसे. १ जून २०२१ पासून चढवलेला प्रत्येक फोटो मोजला जाऊ लागला. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही पूर्वी हिशेबाबाहेर होता. २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने तोही या १५ जीबींत आला. सवयी त्याच राहिल्या आणि मोजमाप बदललं. आयफोनवाल्यांना तर मोफत ५ जीबीच मिळतात, ड्रॉपबॉक्सवर २.

यात एक दुहेरी भर पडते, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष नसतं. ‘शुभ सकाळ’चं चित्र व्हॉट्सॲपवर आलं, ते फोनच्या गॅलरीत उतरलं. गूगल फोटोमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल तर ते तिथे गेलं. रात्री व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप झाला, त्यातही ते गेलं. म्हणजे आत्याबाईंच्या एका गुलाबाने तुमच्या खात्यात दोन ठिकाणी बिऱ्हाड केलं. गूगल फोटोच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपच्या फोल्डरांचा बॅकअप बंद करा आणि व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. नव्या भरतीचा वेग लगेच उतरतो.

जुनं साफ करायला गूगल खात्याच्या स्टोरेज पानावर मोठ्या फाइली एकत्र दाखवलेल्या असतात, तिथून सुरुवात करावी. हजार छोट्या मेल पुसण्यापेक्षा लग्नाचा एक व्हिडिओ हलवणं केव्हाही सोपं. पुसल्यावर ड्राइव्हची आणि मेलची कचरापेटीही रिकामी करावी लागते, कारण पेटीतला ऐवजही जागा खातो. एवढं करून आकडा लगेच उतरला नाही तर थोडं थांबावं, हिशेब ताजा व्हायला वेळ लागू शकतो.

आता इथे सावध. फोनमधली जागा संपली म्हणून गूगल फोटो ॲपमध्ये शिरून फोटो पुसले, तर ते क्लाउडवरूनही जातात. फक्त फोनवरची प्रत हलवायची असेल तर त्याच ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचं वेगळं बटण आहे. ते आधी क्लाउडवर पोहोचलेले फोटोच फोनवरून काढतं. ही दोन बटणं एकाच ॲपमध्ये असणं ही गोंधळाला दिलेली पक्की सोय आहे, असं माझं मत.

पैसे भरून जागा घ्यावी का? मेल, फोटो आणि कागदपत्रं सगळं एकाच खात्यात असेल आणि दर महिन्याला साफसफाई करायचा कंटाळा असेल, तर घ्यावी. मात्र पुढे पैसे भरणं थांबवलं तर काय होईल तेही माहीत असावं. फाइली लगेच जात नाहीत, पण नवं काही चढत नाही, आणि मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलात तर गूगल तिथला मजकूर काढून टाकू शकतं.

## एकाच फाइलच्या तीन प्रती

मंडळाच्या जमा-खर्चाची एक्सेल फाइल घ्या. गणपतीच्या दिवसांत खजिनदार ती घरी उघडून वर्गणी भरतोय. कार्याध्यक्षाने तीच फाइल दुपारी लॅपटॉपवर उघडली होती, त्याच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्याने मांडववाल्याचे पैसे भरले. संध्याकाळी दोघांचेही बदल वर पोहोचतात. यंत्राला कोणता खरा हे ठरवता येत नाही, म्हणून ते शहाणपणाने दोन्ही ठेवतं. एका फाइलच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ किंवा संगणकाचं नाव जोडलं जातं. पुढच्या आठवड्यात तिसरा कार्यकर्ता चुकीची प्रत उघडून त्यात भर घालतो आणि मग विसर्जनानंतरची हिशेबाची बैठक रंगते.

जास्तीची प्रत दिसली की ती लगेच पुसू नये. दोन्ही उघडून कोणाचे आकडे कुठे आहेत ते पाहावं, एकीत सगळं आणावं, मग दुसरी बाजूला ठेवावी. आणि एकाहून अधिक लोकांनी भरायची फाइल असेल तर ती ब्राउझरमध्येच उघडावी, म्हणजे सगळे एकाच प्रतीवर काम करतात. पाठवून, उतरवून, बदलून परत पाठवण्याचा खेळ तिथेच थांबतो.

लहान व्यापारी आणि हिशेबनीस यांच्याकडे याचं जास्त महागडं रूप दिसतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चालू डेटा फोल्डर थेट सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, उद्देश हा की आपोआप बॅकअप व्हावा. असं सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक फाइलींत लिहीत असतं. सिंक त्यातली एक आत्ताची उचलतं, दुसरी मिनिटापूर्वीची. वर जाते ती अशी जोडी, की जिचा एकमेकींशी मेळ बसत नाही. चालू डेटा संगणकाच्या साध्या फोल्डरमध्येच राहू द्या. रोज संध्याकाळी सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप काढा आणि ती तयार फाइल क्लाउडवर टाका.

## सिंक अडकलंय, पुढे सरकत नाही

आधी साधा हिशेब. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. वर पाठवण्याचा वेग ५ एमबीपीएस असेल तर सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी जातात. मुंजीचे ५० जीबी फोटो-व्हिडिओ चढायला या वेगाने सलग बावीस तासांहून जास्त लागतील, आणि मध्ये गुरुवार आला, दुरुस्तीसाठी वीज गेली, राउटर बंद पडला, तर त्याहून जास्त. इंटरनेट घेताना आपण उतरवण्याचा वेग विचारतो. चढवण्याचा किती, हेही विचारा.

वेग ठीक असूनही फाइल अडली असेल तर तिचं नाव पाहा. वनड्राइव्हला आणि विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारा, उभी रेघ, तिरप्या रेघा, कोनी कंस आणि दुहेरी अवतरणचिन्ह चालत नाहीत. ‘ऑडिट झालं का? अंतिम’ असं नाव काही ठिकाणी ठेवता येतं आणि वनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या लॅपटॉपवर येऊन अडू शकतं. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करत पूर्ण पत्ता लांबला तरी तेच. विंडोजवरची बरीच सॉफ्टवेअरं २६० अक्षरांच्या पुढे पत्ता वाचतच नाहीत.

मराठी नावांना एक जास्तीचा अडसर आहे. अँड्रॉइडवर आणि लिनक्सवर एका नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘सर्वसाधारण’ या एका शब्दाचेच ३० बाइट होतात. ‘सर्वसाधारण वार्षिक सभेचे इतिवृत्त व ताळेबंद’ असं ऐसपैस नाव अजून मर्यादेत बसतं, पण ते दुपटीहून लांब झालं की विंडोजवर सुखाने नांदतं आणि फोनवर उतरवताना अडू शकतं. मराठी नाव जरूर द्या, फक्त थोडक्यात द्या.

फोनवर सिंक थांबण्याची कारणं बरीच साधी असतात. ‘फक्त वायफायवर’ हे सेटिंग चालू असतं, किंवा बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोनने ॲपला झोपवलेलं असतं.

या सगळ्यानंतर येते ती खरी धोक्याची पायरी. सिंक चालत नाही म्हटल्यावर ‘काका, ॲप काढून परत टाका’ असा सल्ला कुणीतरी देतो. वर न पोहोचलेल्या फाइलींची एकमेव प्रत त्याच क्षणी त्या ॲपच्या पोटात असू शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये बिघाड झाला, काहींच्या काही महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. तेव्हा गूगलने पहिली सूचना हीच दिली होती, की खातं तोडू नका आणि ॲपच्या डेटाचं फोल्डर पुसू नका. पुढच्या महिन्यात फाइली परत मिळवण्याचं साधन आलं, ते त्याच फोल्डरातल्या ऐवजावर चालणारं होतं. तेव्हा आधी सिंकचं फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. मग पॉज करून पुन्हा चालू करून पाहायचं, मग संगणक बंद-चालू करायचा, आणि खातं तोडणं किंवा ॲप काढणं अगदी शेवटी.

## मराठी फाइल उघडली, पण अक्षरं कुठे गेली?

हे मात्र सिंकचं पाप नाही. नारायण पेठेतल्या छपाईवाल्याने दहा-पंधरा वर्षांपूर्वीची स्मरणिका ड्राइव्हवर टाकली, ब्राउझरमध्ये उघडली, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरांवर मराठी अक्षरजुळणीची एक अख्खी पिढी उभी राहिली. श्रीलिपी करणारी मॉड्युलर इन्फोटेक आणि आयएसएम करणारी सी-डॅक दोन्ही पुण्यातल्याच. त्यांच्या जुन्या फाँटमध्ये फाइलीत साठवलेले संकेत इंग्रजी अक्षरांचे असतात आणि फाँट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. तो फाँट क्लाउडच्या ब्राउझरमध्ये नसतो, म्हणून खालचे संकेत उघडे पडतात. फाइल बिघडलेली नाही, पुसू नका. ज्या संगणकावर फाँट आहे तिथे उघडून पीडीएफ करून ठेवा. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांत, बदलून घ्या. ते करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घालावे लागतात.

## लिंक दिली, तरी परवानगी का मागतंय?

फाइल एका मेल पत्त्याला दिलेली असते आणि समोरचा माणूस दुसऱ्याच खात्याने आत शिरलेला असतो, हे नेहमीचं कारण. फोनवर घरचं, ऑफिसचं, मुलीच्या शाळेचं अशी तीन खाती असली की हे हमखास होतं. वरच्या कोपऱ्यातलं चित्र पाहून खातं बदलावं. ऑफिसने किंवा कॉलेजने बाहेरच्यांना वाटायला बंदी केली असेल, तर तुम्ही कितीही परवानग्या द्या, लिंक उघडणार नाही.

घाईघाईत आपण ‘लिंक असलेल्या कुणालाही’ करून मोकळे होतो. लग्नपत्रिकेला ते चालतं. आधार, पॅन, भाडेकरार यांना नाही, कारण लिंक पुढे कुठे गेली ते कधीच कळत नाही. काम झालं की तीच लिंक पुन्हा ‘मर्यादित’ करून टाकावी.

यापेक्षा मोठा घोळ मालकीचा आहे. गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्तं, सभासदांची यादी, लिफ्टच्या देखभालीचे करार हे सगळं सेक्रेटरीच्या खासगी गूगल खात्यात असतं. ते सर्वांना दिसत असतं, म्हणून ते संस्थेचं आहे असं सर्वांना वाटतं. मालक मात्र तो एकच माणूस. जागा त्याच्या खात्यातली जाते, आणि त्याने साफसफाई करताना पुसलं किंवा ते खातंच बंद झालं, तर सगळ्यांकडून जातं. निवडणूक झाली, जुने सेक्रेटरी नाराज होऊन फोन उचलेनासे झाले, हे चित्र पुण्यातल्या सोसायट्यांना नवं नाही. संस्थेच्या नावाने वेगळं खातं काढा, त्याचा पासवर्ड आणि खातं परत मिळवण्याचा मोबाइल नंबर दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, आणि कार्यभार सोपवताना दप्तराबरोबर त्याचीही नोंद करा.

विद्यार्थ्यांची गत याहून नाजूक. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून दोन वर्षं जमवलेल्या नोट्स कॉलेजच्या खात्यात असतात, आणि कॉलेज सुटलं की ते खातं बंद करण्याचा अधिकार कॉलेजचा. शैक्षणिक संस्थांना गूगल पूर्वी अमर्याद जागा देत असे. २०२२ पासून एका संस्थेला मिळून १०० टीबी (सुमारे एक लाख जीबी) अशी मर्यादा आली, तेव्हा जुनी खाती तशीच ठेवणं संस्थांना परवडत नाही. शेवटच्या सत्रातच ‘टेकआउट’ या गूगलच्या सोयीने सगळं उतरवून घ्यावं. निकालाची वाट पाहू नये.

## गेलेली फाइल शोधायची कुठे?

वेळ महत्त्वाची. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ३० दिवस, ऑफिसच्या खात्यात साधारण ९३. आयक्लाउडवर ३०. गूगल फोटोमध्ये बॅकअप झालेल्या फोटोला ६० दिवस मिळतात. म्हणजे दिवाळीत पुसलेला फोटो संक्रांतीला आठवला, तर बहुधा उशीर झालेला असतो.

शोध घेताना आधी ब्राउझरमधून खात्यात जा, लॅपटॉपवरच्या फोल्डरवर विसंबू नका. कचरापेटीत नसेल तर फाइल मुळात दुसऱ्याची होती का ते आठवा, कारण मग ती त्याच्या पेटीत असेल. फाइल आहे पण मजकूर गेला असेल तर ‘व्हर्जन हिस्टरी’ उघडा, तिथे आधीच्या अवस्था तारखेनिशी असतात. गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या साध्या फाइलींच्या जुन्या अवस्था ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. आणि एखादा व्हायरस फाइली भराभर बदलतोय असा संशय आला, तर पहिल्यांदा त्या संगणकाचं इंटरनेट तोडा.

## ‘एवढ्या मोठ्या कंपनीकडे आहे, मग वेगळी प्रत कशाला?’

हा आक्षेप रास्त आहे. डिस्क बिघडून फाइल जाण्याची शक्यता तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कपेक्षा त्यांच्याकडे फारच कमी. पण मोठ्या जागीही आग लागते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांचं दोन्ही गेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्लाउडवरचा ८५८ टीबी मजकूर गेला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती, आणि कारण सांगितलं गेलं की साठा फार मोठा होता.

तुमच्या-माझ्या बाबतीत आगीपेक्षा साधी कारणं जास्त संभवतात. पासवर्ड विसरला आणि जुना मोबाइल नंबर बंद झालेला. कुणी खात्यात घुसलं. दोन वर्षं खातं वापरलंच नाही, तर गूगल ते बंद करू शकतं. यातल्या कशातही कंपनीचं यंत्र बिघडलेलं नसतं.

‘मग हार्ड डिस्कच बरी’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी तळमजल्यांवर शिरलं, तेव्हा खालच्या खणात जे जे होतं ते भिजलं. दोन्ही लागतात. एक प्रत क्लाउडवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काम नसताना संगणकापासून सोडवून ठेवलेली. जोडलेली राहिली तर व्हायरस तिथेही पोहोचतो. सगळं काही असं ठेवायची गरज नाही. घरातले जुने फोटो, मालमत्तेची कागदपत्रं, शिक्षणाची प्रमाणपत्रं, स्वतः लिहिलेलं काही, एवढ्याला पुरे.

कागदपत्रांपुरता डिजिलॉकर उपयोगी आहे. त्यात सरकारी खात्याकडून किंवा मंडळाकडून थेट आलेली गुणपत्रिका किंवा वाहन परवाना मूळ कागदाच्या बरोबरीचा धरला जातो. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत मात्र तशी धरली जात नाही. तिला जागाही १ जीबीच.

## ‘आमचे कागद कुणी वाचतं का?’

वाटेत आणि साठवणीत फाइली कुलूपबंद सांकेतिक रूपात असतात, पण साधारणपणे किल्ली कंपनीकडेच असते. किल्ली फक्त तुमच्याकडे राहील अशी सोय ॲपलने डिसेंबर २०२२ पासून देऊ केली, ती आपण होऊन चालू करावी लागते आणि किल्ली हरवली तर ॲपलही मदत करू शकत नाही. बाकी बहुतेकांचा धोका कंपनीपेक्षा घरगुती असतो, म्हणजे सोपा पासवर्ड आणि सगळीकडे तोच. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करायला पाच मिनिटं लागतात.

राहिला एक प्रश्न, जो घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. खातेदारच राहिला नाही तर? वडिलांच्या खात्यात सगळे फोटो, विम्याचे मेल, आणि फोनला त्यांच्याच बोटाचा ठसा. गूगल खात्यात ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. खातं तीन, सहा, बारा की अठरा महिने वापरलं गेलं नाही तर पुढे काय करायचं हे त्यात आधीच ठरवता येतं, आणि जास्तीत जास्त दहा जणांना निवडलेला मजकूर मिळेल अशी व्यवस्था करता येते. आयफोनवर त्यासाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. आईबाबांच्या फोनवर हे करताना त्यांना शेजारी बसवून घ्यावं, कोणाला काय द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं, आणि नंबर त्यांचा सध्याचा आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्यावं.